डॉक्स-साइटचं टेम्प्लेट: कॉपियर आणि एमकेडॉक्स, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मांडणी अशी: मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मांडलेल्या मजकुरात) लिहिलेल्या पानांपासून डॉक्स-साइट, म्हणजे सॉफ्टवेअर-प्रकल्पाच्या कागदपत्रांची साइट, बनवायला एमकेडॉक्स, त्यावर मटेरियल थीम, आणि एकाच टेम्प्लेटमधून प्रत्येक प्रकल्पाची डॉक्स-साइट काढायला कॉपियर. बारा रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवणारी गिटची कोठारं), आठ महिने. नवी साइट दहा मिनिटांत उभी राहते हे खरं आहे, आणि पहिल्या आठवड्यात सगळे त्याचंच कौतुक करतात. पण साइट एकदाच उभी करायची असते. थीमची नवी आवृत्ती, मोडलेला प्लगइन, बदललेली बिल्डची (फाइलींपासून साइट तयार करण्याची) पायरी हे सगळं त्यानंतर सुरू होतं आणि बारा ठिकाणी निस्तरावं लागतं. टेम्प्लेट चांगलं की वाईट हे तेव्हा कळतं, आणि ते जवळजवळ पूर्णपणे एकाच गोष्टीवर ठरतं: कुठली फाइल टेम्प्लेटच्या मालकीची आणि कुठली प्रकल्पाच्या, हे आधी ठरवलं होतं का.

आधी साधनाच्या निवडीबद्दल. गिटहब या रिपॉझिटरी ठेवण्याच्या सेवेवर एखादी रिपॉझिटरी ‘टेम्प्लेट’ म्हणून राखता येते. त्यातून फाइलींची प्रत मिळते, इतिहास मिळत नाही. पुढे मूळ टेम्प्लेट सुधारलं आणि तो बदल मर्ज करायला गेलं, की गिटला दोन्हींचा समान पूर्वज सापडत नाही आणि ते नकार देतं. कुकीकटर हा टेम्प्लेटमधून प्रकल्प काढणारा दुसरा प्रोग्राम प्रश्न विचारतो, नावं भरतो, फाइली काढून देतो आणि तिथे त्याचं काम संपतं. अपडेटसाठी क्रफ्ट हे वेगळं साधन जोडावं लागतं. कॉपियरमध्ये अपडेट मुळातच आहे. एक-दोन साइट असतील तर गिटहबचं बटण पुरे. त्यापुढे कॉपियरच घ्यावा.

कॉपियरचं अपडेट कसं चालतं हे समजून न घेता तो वापरला, तर दुसऱ्या महिन्यात लोक त्याला कंटाळतात. प्रकल्पात एक उत्तरांची फाइल राहते. तिच्यात टेम्प्लेटचा पत्ता, ज्या आवृत्तीतून साइट काढली ती आवृत्ती, आणि तेव्हा दिलेली उत्तरं असतात. अपडेट करताना कॉपियर त्या जुन्या आवृत्तीतून, त्याच उत्तरांनी, एक ताजी साइट बाजूला काढतो. तिची तुलना तुमच्या आजच्या साइटशी करून तुम्ही काय बदललं ते शोधतो. मग नवी आवृत्ती आणून तुमचे बदल तिच्यावर पुन्हा चढवतो. यातून तीन नियम आपोआप निघतात. उत्तरांची फाइल हाताने कधीही बदलायची नाही, नाहीतर तुलनेचा पायाच खोटा होतो. अपडेटआधी कमिट न केलेला (गिटमध्ये न नोंदवलेला) एकही बदल राहू द्यायचा नाही; तसा असेल तर कॉपियर पुढेच जात नाही. आणि टेम्प्लेटला आवृत्तीचे टॅग (गिटच्या इतिहासातल्या ठरावीक टप्प्याला दिलेली नावं) लावायलाच हवेत.

टॅगचा घोळ सगळ्यांच्या वाट्याला येतो. टेम्प्लेटमध्ये दुरुस्ती केली, पुश केली, प्रकल्पात जाऊन अपडेट चालवलं आणि काहीच बदललं नाही. कारण कॉपियर टॅग असतील तर सर्वांत नवा टॅग उचलतो, शेवटची कमिट नाही. टॅग लावण्याआधी चाचणी घ्यायची तर संदर्भ म्हणून ‘हेड’ (शेवटची कमिट) स्पष्ट द्यावा लागतो. ही सवय चांगलीच आहे, अर्धवट बदल बारा ठिकाणी पोचत नाहीत.

प्रश्न कमी ठेवा. सुरुवातीला आमच्या टेम्प्लेटमध्ये सतरा प्रश्न होते, आता सहा आहेत: प्रकल्पाचं नाव, रिपॉझिटरीचा पत्ता, साइटचा पत्ता, एपीआय संदर्भ हवा का, आवृत्त्या ठेवायच्या का, परवाना कोणता. बाकीचं या उत्तरांवरून निघतं. नावावरून पत्त्याचा तुकडा बनवणं हे जिंजाच्या (कॉपियर वापरतो त्या साचा-भाषेच्या) एका ओळीचं काम आहे. प्रत्येक ‘हो-नाही’ प्रश्नामुळे चाचणीच्या शक्यता दुप्पट होतात, म्हणून रंग, लोगो, तळटीप यांसाठी प्रश्न नकोतच.

आता मालकी. एमकेडॉक्सच्या कॉन्फिगरेशनला दुसऱ्या फाइलचा वारसा घेता येतो, आणि या सबंध रचनेचा कणा तोच आहे. पाया-फाइल टेम्प्लेटची: थीम, प्लगइन, मार्कडाउनची एक्स्टेन्शनं, तपासणीचे नियम. मुख्य फाइल प्रकल्पाची: नाव, पत्ता, मेनू आणि पाया-फाइलकडे बोट दाखवणारी एक ओळ. मुख्य फाइल आणि मुखपृष्ठ कॉपियरच्या ‘असेल तर वगळा’ या यादीत टाकायचं, म्हणजे त्या पहिल्यांदा तयार होतात आणि नंतर अपडेट त्यांना हात लावत नाही. याची किंमतही आहे: मुख्य फाइलच्या साच्यात नंतर केलेली दुरुस्ती जुन्या प्रकल्पांपर्यंत कधीच पोचत नाही. म्हणून ती फाइल पंधरा ओळींच्या पुढे जाऊ देऊ नये.

या वारशात एक खड्डा आहे आणि तो खोल आहे. की-व्हॅल्यूच्या (नाव आणि त्याचं मूल्य अशा जोड्यांच्या) रचना आतपर्यंत मिसळल्या जातात, पण याद्या मिसळत नाहीत. नवी यादी जुनी पूर्ण पुसून टाकते. प्लगइन आपण सवयीने डॅश देऊन यादीसारखे लिहितो. एखाद्या प्रकल्पाने स्वतःचा एकच प्लगइन तसा लिहिला, की पाया-फाइलमधले सगळे प्लगइन जातात, शोधसुद्धा. बिल्ड हिरवी राहते, साइट उघडते, फक्त वरचा शोधाचा चौकोन नाहीसा झालेला असतो. एमकेडॉक्समध्ये प्लगइन की-व्हॅल्यूच्या रूपात लिहिता येतात, ते याच कारणासाठी. एक्स्टेन्शनंही तशीच लिहावीत. पाया-फाइल आणि मुख्य फाइल, दोन्हींकडे हे रूप हवं. एकीकडे यादी राहिली की पुन्हा तेच.

गिटहब अ‍ॅक्शन्स ही बिल्डसारखी कामं गिटहबवर आपोआप चालवण्याची सोय, आणि असं प्रत्येक काम म्हणजे एक वर्कफ्लो. त्यांच्या फाइलींत डॉलरच्या चिन्हापुढे दुहेरी महिरपी कंस येतात, आणि जिंजाही तेच कंस वापरतो. अशी फाइल जिंजातून गेली की त्यातली चलं गायब होतात किंवा टेम्प्लेट चूक दाखवून थांबतं. कॉपियर फक्त ‘.जिंजा’ शेपूट असलेल्या फाइलींवर प्रक्रिया करतो, तेव्हा वर्कफ्लोच्या फाइलींना ते शेपूट लावूच नका. लावावंच लागलं तर तेवढा भाग ‘रॉ’ खंडात, म्हणजे जिंजा जसाच्या तसा सोडतो त्या खंडात, गुंडाळा.

वर्कफ्लोबद्दल आणखी महत्त्वाचं. प्रकल्पात बिल्डच्या साठ ओळी कॉपी करण्यापेक्षा टेम्प्लेटच्या रिपॉझिटरीत एक पुनर्वापराचा वर्कफ्लो ठेवायचा आणि प्रकल्पात त्याला बोलावणाऱ्या सात-आठ ओळीच. हे आम्ही तिसऱ्या महिन्यात केलं, पहिल्या दिवशी करायला हवं होतं. अपडेट आपोआप यावं म्हणून आठवड्यातून एकदा कॉपियर चालवून पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य शाखेत घेण्याची विनंती) उघडणारं काम लावलं, तर गिटहबच्या मर्यादा आडव्या येतात. वर्कफ्लोच्या नेहमीच्या टोकनला (परवानगीच्या किल्लीला) वर्कफ्लो-फाइलींतले बदल पुश करता येत नाहीत. शिवाय त्या टोकनने उघडलेल्या पुल रिक्वेस्टवर इतर वर्कफ्लो आपोआप सुरू होत नाहीत, म्हणजे तपासणी न होताच ती तशीच पडून राहते. वेगळं अ‍ॅप-टोकन घ्यावं लागतं. वर्कफ्लो-फाइल आठ ओळींची असेल तर ती क्वचितच बदलते आणि निदान पहिला अडथळा वारंवार येत नाही.

अपडेटमध्ये संघर्ष आला तर कॉपियर फाइलीतच गिटसारख्या खुणा टाकतो. मार्कडाउनमध्ये त्या खुणा चूक म्हणून पकडल्या जात नाहीत, सरळ पानावर छापल्या जातात. प्री-कमिट या कमिटआधी तपासणी करणाऱ्या साधनाचा संघर्ष-खुणा शोधणारा हुक टेम्प्लेटमध्येच द्या.

काटेकोर बिल्डचा पर्याय लावला की सगळ्या तुटलेल्या लिंक पकडल्या जातात, असा समज आहे. तो पर्याय फक्त इशाऱ्यांना चूक मानतो. हरवलेल्या फाइलीची लिंक मुळातच इशारा असते, पण मेनूत नसलेलं पान, अस्तित्वात नसलेला अँकर (पानातल्या शीर्षकापर्यंत थेट नेणारा पत्ता), मुळापासून सुरू होणारी लिंक या तिन्ही गोष्टी मूळ सेटिंगमध्ये नुसती ‘माहिती’ म्हणून नोंदल्या जातात आणि बिल्ड पुढे सरकते. १.५ मध्ये आलेल्या ‘व्हॅलिडेशन’ विभागात त्या इशाऱ्याच्या पातळीवर आणाव्या लागतात. अँकरची तपासणी १.६ पासून आहे. पाया-फाइलीत चार ओळी टाकल्या त्या दिवशी बारापैकी नऊ साइटची बिल्ड पडली, आणि प्रत्येक चूक खरी होती. बाहेरच्या साइटच्या लिंक मात्र पुल रिक्वेस्टमध्ये तपासू नका. दुसऱ्याचा सर्व्हर तासभर बंद पडला म्हणून आपली दुरुस्ती अडायला नको. ते आठवडी काम ठेवा.

टेम्प्लेटमधली नमुना-पानं हा माझ्या मते सर्वांत मोठा धोका. ‘इथे प्रकल्पाची ओळख लिहा’ असं लिहिलेलं पान प्रसिद्ध होतं आणि महिनोन्‌महिने तसंच राहतं. आता नमुना फक्त दोन पानांचा आहे, आणि त्यात एक ठरावीक खूण आहे. एमकेडॉक्सच्या हुकमध्ये दहा ओळींची स्क्रिप्ट ती खूण दिसली की इशारा नोंदवते आणि काटेकोर बिल्ड थांबते. यात लॉगरचं (नोंदी करणाऱ्या घटकाचं) नाव ‘एमकेडॉक्स’ने सुरू व्हायला हवं, कारण इशारे मोजणारी यंत्रणा तेवढ्याच शाखेकडे पाहते. दुसरं नाव दिलं तर इशारा पडद्यावर दिसतो आणि बिल्ड तरीही यशस्वी होते.

मराठीत डॉक्स लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. शीर्षकापासून अँकर बनवताना पायथन-मार्कडाउन मूळ सेटिंगमध्ये आस्की (इंग्रजी अक्षरं, अंक, चिन्हं) नसलेली सगळी अक्षरं टाकून देतं. देवनागरी शीर्षकाचं काहीच उरत नाही आणि अँकर म्हणून अधोरेषा आणि एक, अधोरेषा आणि दोन असे क्रमांक मिळतात. मध्ये एक शीर्षक घातलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, आणि दुसऱ्यांनी जपून ठेवलेल्या लिंक भलत्याच परिच्छेदावर उघडतात. युनिकोडचा पर्याय लावून भागत नाही: पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हं ‘शब्दाचं अक्षर’ धरली जात नाहीत, त्यामुळे ती गळतात आणि नुसती व्यंजनं उरतात. खात्रीचा उपाय म्हणजे गुणधर्म-यादीचं एक्स्टेन्शन चालू करून प्रत्येक शीर्षकाला स्वतः अँकर देणं. टेम्प्लेटच्या नमुना-पानांत ते तसंच लिहून ठेवलं की लेखक पाहून शिकतात.

‘शेवटचा बदल’ दाखवणारा प्लगइन लावलात तर वर्कफ्लोतल्या चेकआउटची (रिपॉझिटरी उतरवून घेण्याची) खोली शून्य करा, म्हणजे पूर्ण इतिहास येतो. मूळ सेटिंगमध्ये एकच कमिट येते आणि सगळ्या पानांवर एकच तारीख छापली जाते. साइटचा पत्ता चुकला तर साइटमॅप चुकतोच, शिवाय साइट उपमार्गावर असेल तर ४०४ चं पान स्टाइलशिवाय उघडतं, कारण त्या पानातले मार्ग याच पत्त्यावरून बनतात. सोशल कार्डच्या (लिंक शेअर केल्यावर दिसणाऱ्या चित्राच्या) प्लगइनला कैरो ही ग्राफिक्स लायब्ररी लागते, जी नव्या मशीनवर बहुधा नसते. ती कार्डं फक्त सर्व्हरवरच्या बिल्डमध्ये बनावीत अशी अट एका पर्यावरण-चलाने घाला. त्याचा मूळचा रोबोटो फॉन्ट देवनागरी दाखवत नाही, तोही बदला.

डॉक्सच्या अनेक आवृत्त्या एकाच साइटवर ठेवायला माइक हे साधन चांगलं आहे, पण गरज असेल तरच. प्रत्येक आवृत्ती म्हणजे प्रकाशन-शाखेत साइटची पूर्ण प्रत, आणि रिपॉझिटरी फुगत जाते. कुणी सवयीने एमकेडॉक्सची स्वतःची डिप्लॉय आज्ञा त्याच शाखेवर चालवली, तर ती शाखेतला मजकूर नव्या बिल्डने बदलून टाकते आणि जुन्या आवृत्त्या साइटवरून जातात. शाखेच्या इतिहासातून त्या परत आणता येतात, तोवर मात्र वाचकांना ४०४ दिसतं. ती आज्ञा कागदपत्रांतून काढून टाका आणि शाखेवर हाताने पुश करण्याला बंदी घाला.

थीममध्ये बदल करताना मूळ साच्याचा विस्तार करून एखादाच ब्लॉक बदलला तर बहुतेक नव्या आवृत्तीत तो टिकतो. शीर्षपट्टीची अख्खी फाइल उचलून त्यात दोन ओळी बदलल्या, तर थीमच्या पुढच्या मोठ्या बदलात मेनू किंवा शोध बंद पडतो आणि कारण शोधायला अर्धा दिवस जातो. पॅकेजांच्या आवृत्त्या नेमक्या पिन करा, अप्रत्यक्ष अवलंबनांसकट, आणि ती यादीही टेम्प्लेटच्याच मालकीची ठेवा.

मटेरियलच्या लेखकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये झेन्सिकल हा नवा जनरेटर जाहीर केला आणि मटेरियलला देखभालीच्या अवस्थेत नेलं. झेन्सिकल एमकेडॉक्सचं कॉन्फिगरेशन वाचतो, प्लगइनांचा प्रश्न मात्र राहतो. म्हणून नवा प्लगइन घेण्याआधी आता एकच गोष्ट पाहतो: त्याची खास वाक्यरचना मजकुराच्या पानांत शिरते का. पाया-फाइलीत राहणारा प्लगइन एका टॅगने काढता येतो. पानांत शिरलेला काढायला बारा रिपॉझिटरींतली शेकडो पानं उघडावी लागतात, आणि ती पानं टेम्प्लेटच्या मालकीची नाहीत.