ट्रेलरला वॅक्स: डबीतलं की स्प्रेचं?

अमेरिकेत पंचवीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतलेला मित्र विचारतोय, डबीतलं पेस्ट वॅक्स घासू की स्प्रे मारून मोकळा होऊ?

मेहनतीत तुलनाच नाही. पेस्ट थोडं थोडं लावा, सुकू द्या, पुसा, शिडी सरकवा. खांदे भरून येतात. ओल्यावर चालणारा स्प्रे धुतल्या धुतल्या मारून मायक्रोफायबरने पुसला की झालं. टिकायला पेस्ट सरस, महिनोन्‌महिने. स्प्रे लवकर उतरतो. बाटलीवरची 'वर्षभर चमक' सोडून द्या.

काहीही घ्या, आधी छत धुवा, नाहीतर खिडक्यांखाली काळे ओघळ परत येतातच. प्रेशर वॉशर सीलंटपासून, म्हणजे सांधे बुजवणाऱ्या लेपापासून, लांब ठेवा. फायबरग्लासवर हात फिरवून पांढरी भुकटी लागली, तर वॅक्सआधी पॉलिश हवंच.

ट्रेलर बारा महिने उन्हात असेल तर पेस्ट, वर्षातून दोनदा. शेडमध्ये असेल किंवा खांदा कुरकुरत असेल, तर दर धुण्याला स्प्रे.