गाऊन चांगले, समजावणं त्याहून चांगलं
लेकीच्या शाळेच्या डान्ससाठी गाऊन घ्यायला गेलो तेव्हा ए-लाइन काय नि मरमेड काय, मला ओ की ठो कळत नव्हतं, पण तिथल्या ताईंनी कंटाळा न करता एकेक घालूनच बघायला लावला. मरमेड गुडघ्यापर्यंत घट्ट आणि खाली एकदम घेर, फोटोत भारी दिसतो हो पण त्यात नाचणार कसं, पोरगी दोन पावलं टाकूनच हसायला लागली. एम्पायरची कंबर छातीच्या लगेच खाली, ते तिला पटलंच नाही. शेवटी ए-लाइन घेतला, कमरेपासून हळूहळू पसरणारा, मस्त गिरकी घेता येते. डान्सचेच सँडल घालायला लावून गाऊनची उंची मोजली हे बेस्ट. ट्रायल रूम मात्र इतकी छोटी की मोठ्ठ्या घेराचा बॉल गाऊन घातल्यावर दारच लागेना! चार स्टार.