‘फ्री डिलिव्हरी’ वर्षभर वापरल्यावर: बिलात काय येतं आणि टिप कुठे जाते

झोमॅटो आणि स्विगी, दोन्हीचं सभासदत्व गेल्या पावसाळ्याच्या आधी घेतलं. तेव्हापासून पाऊस, गणपती, दिवाळी आणि आता पोरीच्या दहावीच्या परीक्षेचा धुमाकूळ, असा सगळा हंगाम त्यावर काढलाय. घर सिंहगड रोडला, आम्ही दोघंही नोकरीला, सासूबाईंचं पथ्य वेगळं. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा बाहेरून जेवण येतंच. चवीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते बिलाच्या खालच्या निम्म्या भागाबद्दल, जो आपण अंगठ्यानं सरकवतो आणि थेट पैसे भरून मोकळे होतो.

आधी निकाल सांगते. सोयीला दहापैकी आठ. हिशेबाच्या स्वच्छतेला चार. टिपच्या व्यवस्थेला आकडा द्यावासा वाटत नाही, कारण त्यात ॲपइतकाच आपलाही भाग आहे. त्यावर पुढे बोलू.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हॉटेल आहे. त्यांचं छापील मेनूकार्ड आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं असतं, त्यामुळे तुलना बसल्या जागी होते. पनीर मसाला कार्डावर २४०, ॲपवर २८०. रोटी कार्डावर २५, ॲपवर ३२. जीरा राइस १५० आणि १८०. एक भाजी, चार रोट्या, एक राइस घेतला की कार्डाप्रमाणे ४९० होतात, जीएसटी धरून ५१४ रुपये ५० पैसे. तेच ॲपवर: पदार्थांचे ५८८, पॅकिंगचे २५, या दोन्हींवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३० रुपये ६५ पैसे, प्लॅटफॉर्म फी १२ आणि तिच्यावर १८ टक्के कर, म्हणजे १४ रुपये १६ पैसे. एकूण ६५७ रुपये ८१ पैसे. आणि वर हिरव्या अक्षरांत झळकतं की सभासद असल्यामुळे तुमची डिलिव्हरी फी शून्य!

म्हणजे १४३ रुपये जास्त गेले आणि त्यात डिलिव्हरीच्या नावाचा एक पैसाही नाही. पैकी ९८ नुसत्या दरातल्या फरकाचे. हॉटेलच्या मालकांना एकदा सहज विचारलं, तर काउंटरवरच्या बरणीतली बडीशेप पुढे करत म्हणाले, “अहो ताई, शंभरातले पंचवीस त्यांना जातात, मग आम्ही दर कुठून सारखा ठेवणार?” आता हे त्यांचं म्हणणं, कमिशन हॉटेलागणिक बदलतं. पण हॉटेलवाल्यांची कुरकुर जुनी आहे. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती आणि आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला होता.

प्लॅटफॉर्म फीचा प्रवास मात्र बघण्यासारखा आहे. २०२३ मध्ये आधी स्विगीनं आणि मग झोमॅटोनं ती सुरू केली, तेव्हा ऑर्डरमागे २ रुपये होते. दोन रुपयांसाठी कोण भांडत बसणार? सप्टेंबर २०२५ पर्यंत झोमॅटोची फी कर सोडून १२ झाली आणि स्विगीची कर धरून १५ च्या घरात गेली. दोनाचे बारा होताना एकदाही मोठी उडी नव्हती, दर खेपेला रुपया-दोन रुपये, सणासुदीला जरा जास्त. सभासदत्व घेतलं म्हणून ही फी माफ होत नाही, ते घेतानाच नीट वाचावं. सासूबाई याला दुकानात शिरायचं तिकीट म्हणतात आणि मला त्यांचं म्हणणं खोडता आलेलं नाही.

कराचंही थोडक्यात सांगते, कारण सोसायटीच्या ग्रुपवर यावरून भलतेच वाद झाले. जेवणावरचा ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलऐवजी ॲप गोळा करून सरकारकडे भरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिलिव्हरीच्या रकमेवरही ॲपला १८ टक्के कर भरावा लागतो. जेवणावरचा कर वाढलेला नाही, पोचवण्यावरचा आला आहे. सभासदांना डिलिव्हरी शून्य दाखवली की ही ओळ दिसत नाही, एवढंच.

पावसाच्या अधिभाराबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. मे २०२५ पासून झोमॅटोनं गोल्ड सभासदांनाही तो लावला. तत्त्वाला माझा विरोध नाही. सिंहगड रोडला पावसात दुचाकी चालवणाऱ्याला जास्त पैसे मिळालेच पाहिजेत, मी तर म्हणते दुप्पट मिळावेत. पण माझ्या बिलातले ते पंचवीस रुपये त्या मुलाच्या खिशात जातात की नाही, हे बिलात कुठेही लिहिलेलं नसतं. तीन-चार जणांना विचारलं. एक म्हणाला मिळतात. दुसरा म्हणाला, अमुक वेळात अमुक ऑर्डर पूर्ण केल्या तर मिळतात. तिसरा नुसता हसला.

आता टिप.

जुलैतली एक रात्र. आमच्या सोसायटीत दुचाकी गेटपाशी लावून आत चालत यायचा नियम आहे आणि सी विंग सगळ्यात मागे. शिवाय लिफ्टपाशी पाटी आहे की डिलिव्हरीवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी. ती लिफ्ट पावसात निम्मा वेळ बंद असते. दार उघडलं तर मुलगा पाचही मजले जिने चढून आलेला. मोबाइल दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून वर रबर लावलेलं, त्या पिशवीवरूनच तो बोटानं ‘पोचवलं’ दाबायचा प्रयत्न करत होता आणि ओल्या बोटानं काही दाबलं जात नव्हतं. रेनकोटाच्या बाहीतून पाणी गळत होतं, पिशवी मात्र कोरडी ठणठणीत. सासूबाई आतून म्हणाल्या, “अरे बाळा, टेक जरा, पाणी पी.” तो म्हणाला, “नको आजी, दुसरी ऑर्डर लागलीय.” मी त्याला विचारलं, टिप ॲपवर टाकलेली बरी की हातात? तो म्हणाला, “ताई, दोन्ही चालतात. ॲपवरची दिसते, पण ती कमाईत मिसळून जाते. हातात आली की तेवढं पेट्रोल लगेच टाकता येतं.”

बोलता बोलता कळलं की मूळ परभणीकडचा, दिवसा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी आणि संध्याकाळी सहानंतर हे. पुण्यात अशी मुलं किती आहेत ते पेठेत राहणाऱ्यांना सांगायला नको.

ॲपचं टिप मागायचं तंत्र मला खटकतं ते इथे. टिप आधी मागतात. जेवण यायचंय, माणूस कोण येणार ते ठरायचंय, आणि पडद्यावर २०, ३०, ५० ची बटणं, त्यातल्या एकावर ‘बहुतेक लोक हेच देतात’ अशी चिठ्ठी. खाली बारीक अक्षरांत चौकट, हीच टिप पुढच्या ऑर्डरलाही लावा. आपल्याकडे टिप म्हणजे काम झाल्यावर खुशीनं ठेवलेले पैसे. आधीच कापली तर ती आणखी एक फी झाली. नंतर, म्हणजे ऑर्डर पोचल्यावर रेटिंगच्या पानावर द्यायची सोय आहे, पण ती शोधावी लागते.

या दोनपैकी एका ॲपवर, नाव घेत नाही, वाटेत मुलाची गाडी पंक्चर झाली आणि ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. मी आधी दिलेले ३० रुपये कुणाला मिळाले? पावसात अर्धं अंतर कापणाऱ्याला की शेवटी दारात आलेल्याला? मदत केंद्राच्या चॅटवर हा एकच प्रश्न वेगवेगळ्या प्रकारे विचारला. उत्तरादाखल आधी झालेल्या उशिराबद्दल दिलगिरी आली, मग पुढच्या ऑर्डरवर पन्नास रुपयांचं कूपन आलं. कूपन कुणी मागितलं होतं?

जानेवारी २०२६ मध्ये, डिलिव्हरी कामगारांच्या ३१ डिसेंबरच्या संपाची हाक गाजल्यानंतर, झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी स्वतः काही आकडे मांडले. टिप पूर्णच्या पूर्ण पोचवणाऱ्याला जाते असं ते म्हणतात. टिप सोडून सरासरी कमाई ताशी १०२ रुपये, त्यातून पेट्रोल आणि गाडीचा खर्च जायचा. आणि टिप? सुमारे ५ टक्के ऑर्डरनाच मिळते, ताशी सरासरी काढली तर २ रुपये ६० पैसे. १०२ वर कामगार संघटनांचे वाद आहेत, ते राहू देत. २ रुपये ६० पैशांवर वाद घालायला आपल्याला जागाच नाही. तो आकडा कंपनीनं नाही, तुम्ही-आम्ही तयार केलाय.

याचा अर्थ मराठी माणूस कंजूष, असं म्हणून मोकळं होता येत नाही. पेपरवाला, दूधवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, वॉचमन काका यांना दिवाळीत पोस्त द्यायला घरात कुणी कुरकुरत नाही. मुंबईत डबेवाल्यांना दिवाळीला एका महिन्याचे पैसे जादा द्यायची पद्धत आहे. तिथे चेहरा ओळखीचा असतो. वर्षभर रोज तोच माणूस येतो, आजारी पडला तर भाऊ येतो, आपल्याला त्याच्या पोराचं नाव माहीत असतं. ॲपवर दर वेळी नवा माणूस. याला दिवाळीला पोस्त द्यायचं तर द्यायचं कुणाला? वर्षाकाठी एकदा हात मोकळा सोडायची आपली सवय आहे, रोज वीस रुपये काढून ठेवायची नाही. ॲपनं माणूस रोज बदलला आणि सवय मात्र आपोआप बदलेल असं धरून चाललं.

नणंद न्यू जर्सीला असते, तिला आपल्या २० रुपयांच्या चर्चेचं हसू येतं. तिकडे पंधरा-वीस टक्के टिप धरूनच जेवण मागवतात. पण तिकडचंही फार सुंदर आहे असं समजू नका. डोअरडॅश या कंपनीनं ग्राहकांची टिप मुलांच्या ठरलेल्या मोबदल्यातच जिरवल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याशी झालेल्या तडजोडीत कंपनीला १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं. म्हणून टिप वाढली की सगळं मार्गी लागेल, यावर माझा विश्वास नाही. मोबदला कंपनीनंच द्यायला हवा. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्यात अशा कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत घालायची तरतूद आहे. ती वसुली उद्या आपल्या बिलात आणखी एक ओळ होऊन येणार, हे मी लिहून देते. येऊ दे. निदान त्या ओळीचे पैसे कुठे जातात ते तरी कळेल.

सध्या आमच्या घरात असं चाललंय. चालत जाण्याजोगं हॉटेल असेल तर फोन करून ऑर्डर, आणि नवरा किंवा मी जाऊन आणतो. दहा मिनिटं पाय मोकळे होतात आणि पनीर २४० ला पडतं. लांबचं असेल, पाहुणे असतील किंवा उशीर झाला असेल तर ॲप. ॲपवरची आधीची टिप बंद करून टाकली आहे. दाराशेजारच्या खुंटीला मेथीच्या जुन्या डब्यात वीस-वीसच्या नोटा असतात, पोरीला सांगून ठेवलंय की देताना नोट घडी करून चोरट्यासारखी द्यायची नाही, नीट द्यायची. सुट्टे संपले तर त्याच्या क्यूआरवर. पावसात पन्नास. रात्री गेटपर्यंत आम्ही उतरतो. लिफ्टपाशी लावलेल्या त्या पाटीचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडलाय, दोन जणांचा विरोध आहे, बघू.

सभासदत्वाचं म्हणाल, तर दोन्हींची गरज नाही. एकाचं या महिन्यात संपतंय, ते वाढवणार नाही. दुसरं ठेवतेय, कारण परीक्षा संपेपर्यंत स्वयंपाकघरात कोण उभं राहणार हा प्रश्न आमच्याकडे अजून सुटलेला नाही. तुम्ही महिन्यातून चारच्या आत ऑर्डर करत असाल तर घेऊ नका.