मल्टिजेट हॅचबॅकचे रीमॅपिंग: आंबा घाटातील ११ महिन्यांचा अनुभव

माझी गाडी २०१४ सालची डिझेल हॅचबॅक असून तिच्यात फियाटने विकसित केलेले १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन आहे. हेच इंजिन भारतात स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा अनेक गाड्यांमध्ये वेगवेगळ्या नावांनी बसवले गेले. त्यामुळे गाडीच्या नावापेक्षा इंजिनाविषयी लिहिणे वाचकांच्या अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. कारखान्यातून निघताना माझ्या इंजिनाची ताकद ७५ पीएस आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) २००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांवर, १९० न्यूटन मीटर होता. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी त्याच्या ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, रीमॅपिंग करून घेतले (त्यातील सूचनांची फाइल बदलून घेतली), तेव्हा गाडीचे रनिंग ९६ हजार किलोमीटर झाले होते. त्यानंतरच्या ११ महिन्यांत गाडी १४ हजार किलोमीटर धावली, आणि त्यातील निम्म्याहून अधिक धाव पावस (रत्नागिरीजवळचे गाव) ते कोल्हापूर या एकाच रस्त्यावरची आहे.

या रस्त्याचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचे लिखाण कळणार नाही. रत्नागिरीहून हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्यापर्यंत गाडी फारशी कुरकुर न करता जाते. खरी परीक्षा साखरप्याच्या पुढे आंबा घाटात सुरू होते. तिथे समोर एसटी किंवा भरलेला ट्रक असला की वळणावर वेग २० पर्यंत उतरतो, दुसऱ्या गिअरवर काटा १४०० च्या आसपास येतो, आणि नेमकी तिथूनच चढण सुरू झालेली असते. या इंजिनाचा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, २००० आरपीएमच्या आत फारसा जागा होत नाही. एक्झॉस्टचा प्रवाह कमी असल्यामुळे टर्बाइन हळू फिरते, हवा कमी मिळते, आणि हवाच कमी असल्यामुळे ईसीयू डिझेलही हात आखडूनच देतो. एप्रिल-मे महिन्यांत मागची सीट पाडून हापूसच्या दहा पेट्या भरल्या, शेजारी वडील बसले, की त्या वळणावर गाडी क्षणभर अक्षरशः धाप लागल्यासारखी थबकत असे. मला वेग नको होता. ती धाप नको होती.

रीमॅपिंगआधी पावसच्या आमच्या मेकॅनिकने घातलेली एक अट मी मान्य केली, आणि आज मागे वळून पाहता या सगळ्या कामातला तोच सर्वांत मोलाचा भाग होता. तो म्हणाला, "ताई, आधी गाडी आहे तेवढी ताकद देतेय का ते बघू, मग वाढवायचं बोलू." टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी होजच्या क्लॅम्पखाली बोटभर लांबीची चीर निघाली, इंजिन रेस केल्यावर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे तिथून फसफसून वर येत होते. बूस्टचा, म्हणजे टर्बोने दिलेल्या हवेचा, दाब मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग काढला, तर आतल्या पितळी पिनांवर हिरवट थर जमलेला होता. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचेच असले, तरी ते कुणी उघडून पाहत नाही. इंजिनाच्या अर्थिंगची पट्टीही तशीच गंजलेली होती. होज बदलली, पिना साफ केल्या, नवीन पट्टी घातली, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले. एकूण खर्च साडेचार हजारांच्या आत राहिला. तिसऱ्या गिअरवर ४० वरून ८० च्या वेगाला पोचण्यास पूर्वी १०.४ सेकंद लागत होते, ते या दुरुस्तीनंतर ८.९ झाले. म्हणजे मी जी ताकद विकत घ्यायला निघाले होते, तिचा मोठा वाटा चिरलेल्या होजमधून बाहेर जात होता.

त्यानंतर कोल्हापुरात रीमॅपिंग झाले. त्यासाठी २२ हजार रुपये मोजले. डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीसाठीच्या सॉकेटला) लॅपटॉप जोडून ट्यूनरने आधी मूळ फाइल वाचून घेतली आणि मग बदललेली फाइल चढवली. या फाइलमध्ये काय बदलते हे प्रत्येक मालकाने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण ते समजले नाही तर आपण फक्त वाढलेल्या पीएसचा आकडा विचारतो. कॉमन रेल डिझेलमध्ये (सर्व इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या इंजिनात) किती डिझेल सोडायचे, रेलमधील दाब किती ठेवायचा, टर्बोकडून किती बूस्ट मागायचा, एकूण टॉर्क कुठे थांबवायचा आणि उपलब्ध हवेच्या मानाने डिझेलला कमाल मर्यादा कोणती, हे सारे तक्त्यांच्या रूपाने ईसीयूत लिहिलेले असते. शेवटच्या तक्त्याला धुराची मर्यादा म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या ट्यूनिंग बॉक्समध्ये यातील काहीच नसते; तो रेलचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे ईसीयूला भासवतो आणि दाब वाढवून घेतो. अशी फसवणूक इंजिनाच्या आत कायम चालू ठेवणे मला पटले नाही, म्हणून तो पर्याय मी सोडून दिला.

पहिल्या मॅपची, म्हणजे चढवलेल्या फाइलची, बोली ९५ पीएस आणि २४० न्यूटन मीटरची होती. हातखंब्याजवळच्या मोकळ्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी फरक जाणवला. २००० च्या पुढे गाडी अशी उसळली की ती माझीच आहे यावर विश्वास बसेना. ४० ते ८० ची वेळ ७.२ सेकंदांवर आली. ओव्हरटेक करताना विरुद्ध बाजूच्या लेनमध्ये घालवावा लागणारा वेळ कमी झाला, आणि दोन पदरी रस्त्यावर ही सुरक्षिततेची बाब आहे. पहिले चार-पाच महिने मी पूर्ण समाधानी होते.

घाटात मात्र तोच मॅप उलटा पडत होता, आणि ते लक्षात यायला मला मार्च उजाडला. ट्यूनरने धुराची मर्यादा सैल केलेली असल्यामुळे १४०० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर दाबताच हवा येण्याआधीच जादा डिझेल येत असे, आणि आरशात मागच्या वळणावर काळ्या धुराचा पट्टा लोंबताना दिसत असे. डिझेल इंजिनात हवेच्या मानाने डिझेल वाढले की एक्झॉस्टचे तापमान वाढते आणि त्याची झळ थेट टर्बोला बसते. शिवाय २००० ला बूस्ट येताच टॉर्क एकदम झेपावत असे, त्यामुळे वळणातून निघताना गाडी हळुवार चालवणे अवघड जाई. वडिलांनी एकदा पुढच्या हँडलला धरून शांतपणे विचारले, "आधी बरी चालायची ना गं गाडी?" त्यांच्या त्या प्रश्नाने मला ट्यूनरच्या आलेखापेक्षा अधिक समजले.

एप्रिलच्या अखेरीस दहा पेट्यांसह घाट चढताना क्लचने हार मानली. तिसऱ्या गिअरवर काटा २२०० वरून २९०० वर चढला, पण गाडीचा वेग जिथल्या तिथे राहिला आणि पाठोपाठ जळक्या क्लच प्लेटचा उग्र वास आत आला. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ दिली आणि नंतर कमी थ्रॉटलवर, टॉर्क वर येऊ न देता, कसाबसा माथा गाठला. यात दोष एकट्या क्लचचा नव्हता. जवळजवळ एक लाख किलोमीटर वापरलेला क्लच मूळ १९० न्यूटन मीटरच्या हिशेबाने बनवलेला होता, त्याच्यावर २४० चा भार टाकण्याआधी त्याची स्थिती पाहणे हे ट्यूनरचेही काम होते आणि माझेही. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून साडेअकरा हजार रुपये लागले. ज्यांची गाडी ८० हजारांच्या पुढे गेली आहे, त्यांनी हा खर्च रीमॅपिंगच्या खर्चातच धरावा.

मे महिन्यात दुसरा मॅप करून घेतला तो माझ्या अटींवर. जानेवारीपासून मी ब्लूटूथ स्कॅनर ओबीडीला लावून घाटातील प्रत्येक फेरीची नोंद मोबाइलवर साठवत होते. त्यात आरपीएम, बूस्ट आणि कूलंटचे तापमान दिसत होते. त्या नोंदी मी ट्यूनरसमोर ठेवल्या आणि सांगितले की मला सर्वांत मोठा आकडा नको, १६०० ते २६०० या पट्ट्यात सलग ओढ हवी. त्याने माझे ऐकून घेतले आणि जादा पैसेही घेतले नाहीत, याची नोंद करायलाच हवी. टॉर्क २१५ न्यूटन मीटरला थांबवला, धुराची मर्यादा जवळजवळ मूळ जागी नेली, आणि बूस्टची मागणी थोडी लवकर पण हळूहळू वाढेल अशी मांडणी केली. ४० ते ८० ची वेळ आता ७.८ सेकंद आहे, म्हणजे पहिल्या मॅपपेक्षा गाडी कागदावर मंद झाली. पण जुलैच्या धुक्यात, वायपर पूर्ण वेगाने चालू असताना, एसटीच्या मागे दुसऱ्या गिअरवर १६०० आरपीएमने ती जशी न थबकता वर सरकते, तशी ती नवी असतानाही सरकत नव्हती. टर्बोची उशिरा जागे होण्याची सवय पूर्ण गेलेली नाही. ती टर्बोच्या घडणीतच आहे आणि कोणतीही फाइल ती पुसू शकणार नाही.

अ‍ॅव्हरेज विचारणाऱ्यांसाठी सांगते: पावस ते कोल्हापूर या फेरीत, टाकी फुल करून मोजल्यावर, रीमॅपिंगपूर्वी १९.५, पहिल्या मॅपवर १८ आणि दुसऱ्यावर २०.२ मिळाले. तेल मी आता १० हजारांऐवजी ७,५०० किलोमीटरला बदलते आणि घाट चढून आंब्याला थांबले की इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवते, म्हणजे तापलेल्या टर्बोतून तेल फिरत राहते. मध्यंतरी तेल लावलेला कापडी एअर फिल्टर तीन महिने वापरून पाहिला. उन्हाळ्यात वाडीच्या रस्त्यावर उडणारी जांभ्याची तांबडी धूळ त्याच्या मागच्या नळीतही बोटाला लागली, तेव्हा पुन्हा कागदी फिल्टर बसवला. ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करण्याचा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) काढण्याचा प्रस्तावही होता. ईजीआर बंद केला की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, आणि आपल्या गाडीचा पिकअप आपल्या गावच्या हवेच्या मोलाने विकत घ्यावा असे मला वाटत नाही, म्हणून मी दोन्हींना नकार दिला.

आमच्या शेजाऱ्यांकडे १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि त्यांनी हेच काम करावे का, असे विचारले. मी त्यांना करू नका असे सांगितले. टर्बो नसलेल्या इंजिनात वातावरणाच्या दाबाने येईल तेवढीच हवा येते, ईसीयूने बूस्ट मागायला तिथे काही नसतेच, त्यामुळे खर्चाच्या मानाने हाती येणारी वाढ फारच थोडी. तेच पैसे चांगले टायर, नवे स्पार्क प्लग आणि ब्रेक पॅड यांवर लावले तर घाटात त्याचा उपयोग अधिक होईल.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. वॉरंटीतील गाडीवर हे काम केल्यास वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता मोठी असते. विमा कंपनीला मी बदलाची माहिती लेखी दिली आणि पोच घेऊन ठेवली, कारण अपघातानंतर ही गोष्ट उघड होण्यापेक्षा आधी सांगितलेली बरी. पहिल्या मॅपवर पीयूसीच्या वेळी धुराचा आकडा आधीच्या वर्षापेक्षा लक्षणीय वाढला होता, तरी तो मर्यादेत बसला. दुसऱ्या मॅपनंतर पुन्हा तपासून घेतला तेव्हा तो जवळजवळ जुन्या जागी आलेला होता.

मूळ फाइल मी ट्यूनरकडून पेन ड्राइव्हवर मागून घेतली आहे, आणि गाडीच्या कागदपत्रांबरोबर ती ग्लोव्ह बॉक्समध्ये असते. गाडी कधी विकायची झाली तर आधी ती फाइल परत चढवीन आणि घेणाऱ्याला ११ महिन्यांच्या नोंदी दाखवीन. नव्या क्लचचे आतापर्यंत साडेपाच हजार किलोमीटर झाले आहेत. पुढच्या हंगामात पेट्या भरण्याआधी, फेब्रुवारीत, तो आणि ती होज पुन्हा एकदा तपासून घेणार आहे.