जेवणाच्या टेबलाची थरांची सजावट: पाडवा ते संक्रांत, दहा महिन्यांच्या वापरानंतर

टेबल पाच फूट लांब, तीन फूट रुंद, सागवानी, सहा जणांचं. त्यावर गुढीपाडव्यापासून संक्रांतीपर्यंत, दोन्ही वेळची रोजची जेवणं चालू असताना, थरांची सजावट ठेवून झाली. थर पाच. सगळ्यांत खाली मऊ अस्तर, त्यावर सुती टेबलक्लॉथ, मधोमध रनर, प्रत्येकाच्या पुढ्यात मॅट आणि मध्यभागी तबकातली मांडणी. खालचे दोन थर वर्षभर जवळपास तेच राहतात, सण आणि ऋतू वरच्या तिघांत बदलतात.

हे सगळं टिकतं ते तबकामुळे, कापडामुळे नव्हे. आपल्याकडे ताटं स्वयंपाकघरात वाढून आणत नाहीत. आमटीचं पातेलं, भाताचं भांडं, पोळ्यांचा डबा, लोणच्याची बरणी हे सगळं टेबलाच्या मधोमध येऊन बसतं. तिथे सुटी फुलं, सुट्या पणत्या, सुटे शंख मांडले तर चौथ्या दिवशी ते कपाटावर जातात आणि परत खाली येत नाहीत. म्हणून मधली मांडणी जेवायच्या आधी दोन हातांनी एकदाच उचलून बाजूला ठेवता आली पाहिजे. चौदा इंची पितळी किंवा लाकडी तबक, कड किमान पाऊण इंच उंच, तळाला फेल्टच्या चकत्या. वरच्या वस्तूंची उंची बारा इंचांच्या आत, नाहीतर समोरच्याचं तोंड दिसत नाही.

आता मापं, कारण सर्वांत जास्त पैसे चुकीच्या मापांत जातात. बाजारातली मॅट साधारण १८ बाय १२ इंच असते. टेबल ३६ इंच रुंद. समोरासमोरच्या दोन मॅटांचे २४ इंच गेले, दोन्ही कडांना एकेक इंच सोडला, की मध्ये उरतात १० इंच. आणि तयार रनर मिळतो १३ ते १४ इंचांचा! मग मॅटची आतली कड रनरवर चढते, तिथे पायरी तयार होते आणि नेमका पाण्याचा पेला त्या पायरीवर ठेवला जातो. तयार रनर दोन्ही बाजूंनी आत दुमडूनही भागत नाही, कारण दुमडलेली कड आणखी जाड होते. तीन फुटी टेबलाला रनर दहा इंचीच शिवून घ्यावा.

लांबीचाही असाच घोटाळा होतो. दोन्ही टोकांना माणसं बसणार असतील तर तिथल्या मॅटा बारा बारा इंच खातात आणि रनरला ३६ इंचच मिळतात. टोकांवरून लोंबणारा लांब रनर चारच माणसं बसणार असतील तेव्हा छान दिसतो. सहा बसली की त्याचं टोक कुणाच्या तरी मांडीवर येतं आणि उठताना ओढलं जातं. दोन रनर ठेवणं सोयीचं: ३६ इंची सहा जणांसाठी, ७६ इंची चार जणांसाठी. ३६ इंचांत मध्ये चौदाचं तबक ठेवलं तर दोन्ही बाजूंना अकरा अकरा इंच राहतात, म्हणजे दोन मध्यम पातेली. तिसरं भांडं आलं की तबक उठतं.

टेबलक्लॉथचं गणित सोपं आहे. टेबल ३० इंच उंच, खुर्चीची बैठक १८ इंचांवर, म्हणजे बारा इंचांपेक्षा जास्त लोंबलं की कापड मांडीवर. सणाला दहा इंच, रोजला आठ. दहाच्या हिशेबाने ८० बाय ५६ इंच हवं, पण नवं सुती कापड धुतल्यावर आटतं. पाच टक्के धरून ८५ बाय ६० घ्यावं, आधी धुवावं, मग कडा शिवाव्यात. हातमागाचं असेल तर धुण्याआधी कात्री लावूच नये.

खालच्या अस्तराकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. खरं तर भांडी आपटण्याचा आवाज, कापडाचं सरकणं, पॉलिशवरचे पांढरे डाग, हे सगळं हा थर सोडवतो. पारदर्शक प्लॅस्टिकचं जाड आच्छादन स्वस्त पडतं, पण महाग ठरतं. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य हळूहळू पॉलिशमध्ये उतरतं, पृष्ठभाग चिकट होतो आणि काही महिन्यांनी आच्छादन उचलताना पॉलिश सोबत निघतं. ते टेबलक्लॉथवर घातलं तर पावसाळ्यात आत दमटपणा कोंडून कापडाला काळे ठिपके येतात. जाड गोधडीही नको, त्यावर पेले डुलतात. सर्वांत चांगली ठरली ती जुन्या सुती साडीची दोन पदरी शिवण: मोठ्या टाक्यांची, टेबलाच्या मापापेक्षा सगळीकडून अर्धा इंच कमी, चारही कोपऱ्यांना खालून बांधायची नाडी. पंधरा दिवसांनी काढून उन्हात टाकली की झालं.

रनरसाठी खणाचं कापड रंगाने आणि काठाने फार शोभतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा पारंपरिक खण पन्ह्याला (रुंदीला) कमी असतो आणि दोन्ही कडांना काठ असतो. मधून उभा चिरला तर प्रत्येक तुकड्याला एकाच बाजूला काठ उरतो, हे शिवायला देताना लक्षात राहत नाही. दोन्ही बाजूंना काठ हवा असेल तर दोन्ही काठ कापून मधल्या पट्टीला जोडावे लागतात. मागे मलमलीचं किंवा पॉपलीनचं अस्तर लावावंच, आणि ते आधी धुवून आटवलेलं असावं. न धुतलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि रनर पापडासारखा वर येतो; मग कितीही इस्त्री करा. रंग जातो का ते पाहायला ओलं पांढरं फडकं आतल्या बाजूने घासावं. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने कच्चा रंग पक्का होत नाही.

खण गरम भांड्याखाली मात्र घालू नये. तो तबकाखाली शोभतो. भांड्यांसाठी दोन्ही बाजूंना लाकडी चकत्या, आणि त्या चकत्या भांड्याच्या बुडापेक्षा दोन इंच मोठ्या, म्हणजे ओघळ तिथेच थांबतो.

चैत्रात फिकट पिवळा किंवा मोतिया टेबलक्लॉथ, कैरीच्या हिरव्या रंगाचा रनर, तबकात कडुलिंबाचा मोहोर आणि साखरेच्या गाठी. गाठी दमट हवेत पाणी धरतात आणि कापडाला चिकटतात, दुपारपर्यंत मुंग्याही येतात. त्या काचेच्या बशीत ठेवाव्यात आणि संध्याकाळी उचलाव्यात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं आणि आंब्याची डाळ हाच पिवळा-हिरवा रंग टेबलावर आणतात, वेगळी सजावट लागत नाही. उन्हाळाभर मोगरा पाण्याच्या वाटीत. तो संध्याकाळी उमलतो, हात लागला की पाकळी तपकिरी होते. तबकात खऱ्या कैऱ्या आणि आंबे ठेवायचे तर देठाचा चीक आधी धुवून, पुसून ठेवावेत. तो चीक कापडावर तपकिरी डाग पाडतो आणि धुतल्यावरही राहतो. पिकलेला आंबा दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवला की चिलटं. ज्यांना रोज फळं बदलणं जमत नाही त्यांच्यासाठी सावंतवाडीची लाकडी फळं उत्तम, फक्त ती ओल्या फडक्याने पुसू नयेत.

पावसाळ्यात थर कमी करावेत, हा सगळ्यांत उपयोगी धडा. कोकण-मुंबईच्या हवेत तागाच्या मॅटा आठवडाभरात वास धरतात आणि मग बुरशी. आषाढापासून फक्त टेबलक्लॉथ आणि मॅट, तीही बांबूच्या काड्यांची किंवा पुसता येणारी. रनर आत. बॅटरीच्या दिव्यांच्या माळांमधले सेल आठवणीने काढावेत, गळलेला सेल डबीतली पट्टी खाऊन टाकतो.

श्रावणात मात्र वरचा थर आयता मिळतो. केळीचं पान. अठरा इंचांचा तुकडा मॅटच्या जागी बरोबर बसतो. थेट पसरलं तर शिरेपाशी फाटतं, म्हणून मंद आचेवर मागची बाजू क्षणभर फिरवावी. रंग गडद झाला की पान लवचिक होतं. मधली शीर मागून सुरीने तासली की सपाट बसतं. शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे: वाढलेलं पान हीच सजावट, तिथे मध्ये आणखी फुलं ठेवली तर नजर अडखळते.

महिरपीबद्दल थोडं सविस्तर, कारण हल्ली ती तयार मिळते आणि भरपूर विकत घेतली जाते. जमिनीवरच्या पंगतीत ताटाभोवती रांगोळीची महिरप काढायची पद्धत सुंदर आहे, पण टेबलावर वर पंखा असतो आणि रांगोळीची पूड थेट वरणात जाते. त्यामुळे लोकरीची, मण्यांची किंवा अ‍ॅक्रिलिकची तयार महिरप घ्यावी. ताट बारा इंचांचं, तर आतली गोलाई तेरा इंच. पूर्ण गोल महिरपीचा बाहेरचा व्यास अठरा इंचांपर्यंत जातो. समोरासमोर दोन ठेवल्या की छत्तीस इंच संपले, पातेली ठेवायला जागाच नाही. तीन फुटी टेबलाला अर्धगोल महिरप, ताटाच्या वरच्या बाजूला. अ‍ॅक्रिलिकचे चिकटवलेले खडे गरम पाण्यात सुटतात, म्हणून कोमट पाणी आणि मऊ फडकं. लोकरीची दिसायला सर्वांत उबदार, पण तिच्यावर तूप सांडलं की ती धुवावीच लागते. गणपती-गौरीच्या गर्दीत अ‍ॅक्रिलिक सोयीची, भाऊबीजेसारख्या चार-सहा माणसांच्या जेवणाला लोकरीची.

दसऱ्याला झेंडू. उरळीत, म्हणजे पसरट पितळी भांड्यात, तरंगती फुलं सगळीकडे दिसतात, पण बारा इंची उरळीत दोन इंच पाणी म्हणजे जवळजवळ पावणेदोन लिटर. पितळेचं वजन धरून ती तबकासकट उचलताना पाणी हमखास सांडतं. आठ इंची घ्यावी, तिला पाऊण लिटर पुरतं. देठ अर्धा इंच ठेवून बाकी कापावा. झेंडूचं पाणी दुसऱ्या दिवशी वास मारतं, म्हणून रोज बदलावं. माळ थेट कापडावर ठेवली तर ओल्या पाकळीचा पिवळसर डाग उमटतो. खाली आपट्याची पानं किंवा केळीच्या पानाची पट्टी घालावी, तोही एक थर होतो.

दिवाळीत मरून किंवा जांभळा रनर आणि पणत्या. कोरी मातीची पणती तेल शोषते आणि बुडाखाली तेलाचं वर्तुळ सोडते. तीन-चार तास पाण्यात बुडवून, पूर्ण वाळवून मग वापरावी, आणि तरीही खाली बशी हवीच. जरीचा म्हणून मिळणारा बराच माल पॉलिस्टरचा असतो. ठिणगीने तो आधी वितळतो आणि मग पेटूही शकतो. पणत्या तबकातच, सुट्या रनरवर कधीही नाहीत. पंखा चालू ठेवायचा तर काचेची चिमणी.

गोव्यात आणि वसईकडे नाताळाला हाच सांगाडा लाल-हिरव्यावर नेता येतो; नेवऱ्या आणि दोदोल या नाताळच्या गोड पदार्थांची ताटली मध्ये आली की तबक हलकं ठेवावं.

संक्रांतीचा काळा टेबलक्लॉथ आणि त्यावर पांढरा हलवा, वर्षातलं सर्वांत देखणं रूप. पण काळ्यावर पोळीचं पीठ, नॅपकिनचा धागा, तिळाचं तेल सगळं दिसतं. भोगी आणि संक्रांत असे दोन दिवस ठेवून काढावा. रोजच्या वापराला काळा रनर आणि खाली राखाडी कापड पुरे. हलव्याचे दागिने मांडायचे तर काचेच्या झाकणाखाली, दमट हवेत काटा बोथट होतो.

डागांचं. तेलाच्या तर्रीवर लगेच बेसन दाबून अर्धा तास ठेवावं, झटकावं, मग भांड्यांचा साबण. हळदीवर साबण लावला की डाग लाल होतो आणि माणूस घाबरतो. हळदीला क्षार लागून कुंकू होतं, तोच हा प्रकार. भरपूर पाण्याने खळबळून पांढरं कापड दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकलं की डाग उडतो. रंगीत खणाला हा उपाय नाही, त्याचा रंगही उन्हासोबत जातो. म्हणूनच रोजचा टेबलक्लॉथ पांढरा किंवा मोतिया असावा. तो जास्त मळतो हे खरं, पण निवळतोही तोच.

ठेवताना रनर घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावेत, खण बाहेरच्या बाजूला आणि अस्तर आत. घडीच्या रेषेवर जरीची तार तुटते. वरून मलमलीचं फडकं, प्लॅस्टिकची पिशवी नको. नळीवर चिठ्ठी: सण, लांबी, शेवटचं कधी धुतलं. एकदम सगळं घ्यायचं नसेल तर आधी जुन्या साडीचं अस्तर, मोतिया टेबलक्लॉथ आणि तबक. रनर त्यानंतर एकेक सणाला एक, आणि दहा इंचांचाच.