अर्धा तास धडधाकट राहणारी गाडी

गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडीने मला फसवलं नाही. दोन टर्बो, ड्युअल क्लच (दोन क्लचवर आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स आणि घडी होऊन डिकीत जाणारं छप्पर असलेल्या बारा वर्षं जुन्या जर्मन दोन-सीटरला जी दुखणी होतात, तीच तिला होती. ती दुखणी अर्धा तास दिसू न देण्याची कारागिरी विकणाऱ्याची होती, आणि तो गोव्यात, बार्देशच्या किनारपट्टीतल्या आपल्या यार्डात अजूनही गाड्या विकतो आहे. म्हणून हे लिहितोय.

गोव्यात असा माल फार येतो. बाहेरून कोणी येतं, बंगला घेतं, हौसेची गाडी आणतं, दोन पावसाळ्यांत कंटाळून परत जातं. दिल्लीत २०२४मध्ये १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी होती, म्हणून मुदत संपत आलेल्या गाड्याही इकडे सरकायच्या. माझी २०१२ची, कर्नाटक पासिंगची, मीटरवर ४१ हजार किलोमीटर. नवी असताना साठ लाखांच्या घरातली गाडी साडेपंधरा लाखांत ठरली. २०२४च्या सुरुवातीची गोष्ट.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं. "पात्रांव, तुम्ही येणार म्हणून एसी थंड करून ठेवलाय." पात्रांव म्हणजे कोकणीत शेठ. आदरातिथ्य वाटावं असं विकणाऱ्याचं वाक्य, पण खरं कारण वेगळं. इंजिनातल्या साखळीचा, म्हणजे टायमिंग चेनचा, सैलपणा आणि टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची, म्हणजे वेस्टगेटची, खडखड बहुतेक वेळा थंड इंजिन सुरू केल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येते. तेल वर चढलं, धातू तापला, की आवाज दबतो. शिवाय इंजिनात दाट तेल ओतलेलं असलं तर बघायलाच नको. रात्रभर उभी असलेली गाडी तुमच्यासमोर चावी फिरवून सुरू झाली पाहिजे. बोनेटवर हात ठेवून कोमट लागली तर "उद्या येतो" म्हणून निघा.

बोनेटखाली आरसा. वाफेने धुऊन वर पॉलिश मारलेलं. सोबत म्हापशातला माझा नेहमीचा मेकॅनिक होता, त्याने गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावला. एकही फॉल्ट नाही. आता हे नीट वाचा. फॉल्ट कोड पुसायला दोन मिनिटं लागतात, पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाची वाफ पकडणारी यंत्रणा, या चाचण्या पुऱ्या व्हायला गाडी काही दिवस वेगवेगळ्या तऱ्हेने चालावी लागते. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' नावाचं पान असतं. कोड एकही नाही आणि रेडिनेसमध्ये निम्म्या चाचण्या अपूर्ण, याचा अर्थ कोणीतरी नुकतंच सगळं पुसलंय किंवा बॅटरी काढून लावलीय. मेकॅनिकच्या स्वस्त स्कॅनरवर ते पान नव्हतं. विकणाऱ्याला ते माहीत असणार, कारण स्कॅनर बघून त्याने स्वतःच पोर्ट दाखवला.

छप्पर आधीच उघडं. "उन्हात रंग बघा." बंद करून दाखवा म्हटल्यावर हायड्रॉलिक तेल थोडं कमी आहे, डिलिव्हरीच्या दिवशी भरून देतो, असं उत्तर आलं. टेस्ट ड्राइव्ह हायवेवर, गिरीपासून कोलवाळच्या दिशेने. शुक्रवार होता, म्हापशाचा बाजार, म्हणून शहरात नको म्हणाला. तेही पटण्यासारखं. पण ड्युअल क्लचचं दुखणं मोकळ्या रस्त्यावर दिसतच नाही. ते दिसतं तापल्यावर, रांगत्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, किंवा चढावर रिव्हर्स घेताना. बाजाराचा शुक्रवार हाच खरा परीक्षेचा दिवस होता.

पैसे दिल्यानंतर आठवड्याभरात चेक इंजिनचा दिवा लागला. पिकअप गेला, सकाळी इंजिन मिसिंग करू लागलं. सहापैकी दोन इंजेक्टर गेले होते: सत्तर हजार. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्यावर काजळी चढते. ती अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून काढतात. आमच्या तोंडचे अक्रोड महाग, इंजिनाचेही: पंचवीस हजार. तेल फिल्टरच्या हाउसिंगचं आणि वरच्या कव्हरचं पॅकिंग गळत होतं. धुतलेलं इंजिन पुन्हा तेलकट व्हायला तेवढाच वेळ लागला. पस्तीस हजार.

मग बेळगावला जाताना चोर्ला घाटात तापमानाचा इशारा आला आणि गाडीने ताकद सोडली. अशा गाड्यांत पाण्याचा पंप पट्ट्यावर नसतो, विजेवर चालतो. गळत नाही, कुरकुरत नाही, एके दिवशी थांबतो. ही दोषाची नव्हे, वयाची गोष्ट आहे. जाणकार मालक ठरावीक किलोमीटरनंतर तो आधीच बदलतात. पंप, थर्मोस्टॅट, कुलंट आणि मजुरी मिळून पंचाहत्तर हजार, घाटातून फ्लॅटबेडवर खाली आणायचे नऊ हजार वेगळे. टायरांवर खोबणी भरपूर होती म्हणून सगळे खूश होतो, पण कडेला चार आकडे होते ४३१६, म्हणजे २०१६च्या ४३व्या आठवड्यात बनलेले. सात वर्षांचं रबर खोबणी कितीही असली तरी बाद. पंक्चर झाल्यावरही चालणारे रन-फ्लॅट टायर, चारांचे एक लाख चाळीस हजार.

पावसाळा आला तेव्हा सीटखाली पाणी. फोंड्यातल्या एका बाबने, जो या गाड्याच करतो, छपराच्या कडेच्या निचरा नळ्या साफ केल्या: चार हजार. त्यातून पानं निघाली ती ठीक. वाळू निघाली, मूठभर. त्यानेच चांगला स्कॅनर लावून गिअरबॉक्सची स्मृती वाचली. डॅशबोर्डवरचा आकडा बदलणं सोपं असतं, पण बऱ्याच जर्मन गाड्यांत गिअरबॉक्स, चावी, इतर मॉड्यूल आपापली नोंद ठेवतात. गिअरबॉक्समध्ये क्लच तापल्याची एक जुनी नोंद ७८ हजार किलोमीटरवरची होती. डॅशबोर्ड तेव्हा ४५ हजारही दाखवत नव्हता. क्लच आणि मेकाट्रॉनिकचा (गिअरबॉक्स चालवणाऱ्या नियंत्रण भागाचा) अंदाज साडेचार लाख, आणि छपराचा हायड्रॉलिक पंप सव्वादोन लाख. हे दोन्ही मी केलेले नाहीत. केलेल्या कामांचीच बेरीज साडेतीन लाखांच्या वर गेली.

वाळूचं उत्तर मावसभावाने शोधलं. वागातोरच्या कड्यावर पर्यटक नाचत असलेल्या एका रीलमध्ये मागे हीच गाडी, हाच नंबर. अशा आणखी रील सापडल्या, प्रत्येकीत स्टिअरिंगवर वेगळा माणूस. खासगी पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवली जात होती. सेल्फ-ड्राइव्ह भाड्याला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, त्यासाठी परवाना लागतो. एका दिवसासाठी घेतलेली स्पोर्ट्स कार माणूस कशी चालवतो हे सांगायला नको.

कागदांतही खूण होती. अपघात नाही, क्लेम कधीच नाही, असं तो म्हणाला होता, पण जुन्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य होता. विचारल्यावर "कंपनी बदलली ना, म्हणून." हे धादांत खोटं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि कंपनी बदलली तरी त्याच्याबरोबर जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के होतो. जुन्या मालकाच्या पॉलिसीवर शून्य दिसलं तर क्लेम झाला असेल किंवा पॉलिसी मध्ये बराच काळ बंद असेल; दोन्हींचं उत्तर लेखी घ्या.

माझी खरी अडचण मात्र पावतीत आहे. विक्रीचा करार थेट बेंगळुरूच्या मालकाशी, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० त्याच्या सहीचे, एनओसीचा (ना हरकत दाखल्याचा) फॉर्म २८ त्याच्या नावे. यार्डवाल्याने फक्त 'सर्व्हिस चार्ज' घेतला, तोही स्वतःच्या बायकोच्या खात्यावर. आता तो म्हणतो, मी विक्रेता नाहीच, गाडी फक्त माझ्या अंगणात उभी होती. यावर सरकारने तोड काढलेली आहे. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता घ्यावी लागते, तिचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २९बी. मालक गाडी डीलरकडे देतो तेव्हा फॉर्म २९सीने कळवावं लागतं, आणि त्यानंतर ती गाडी कायद्याने डीलरची जबाबदारी. ती कुठे, कशासाठी, किती किलोमीटर फिरली याची नोंदवहीही त्याने ठेवायची असते. भाव विचारायच्या आधी २९बी मागा. याच्याकडे तो नव्हता, हे मला आरटीओत माहिती मागवल्यावर कळलं.

पोलिसांनी अर्ज घेतला आणि हा दिवाणी मामला आहे असं सुचवलं. व्यवहार नवी न्याय संहिता लागू होण्याच्या, म्हणजे १ जुलै २०२४च्या आधीचा, त्यामुळे फसवणुकीचं कलम जुनंच, ४२०. ग्राहक आयोगात मात्र तक्रार दाखल झाली आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोग चालतो, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि माझ्या रकमेला शुल्क फक्त ४०० रुपये. रील, गिअरबॉक्सचा रिपोर्ट, जुनी पॉलिसी, बायकोच्या खात्यावरचं ट्रान्स्फर, सगळं जोडलंय.

नोटीस पोचल्यावर त्याचा फोन आला. तोच गोड आवाज. गाडी परत घेतो म्हणाला, सहा लाखांना. "इतकी दुखणी आहेत पात्रांव, बाजारात याहून जास्त कोण देणार?" मी फोन रेकॉर्ड केला आणि वकिलांना पाठवला. आयोग तज्ज्ञ नेमेपर्यंत गाडीला हात लावू नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून ती फोंड्याच्या गॅरेजात ताडपत्रीखाली आहे आणि गिअरबॉक्सचे साडेचार लाख तूर्त खिशात आहेत.