जुन्या गोव्यात तासभरच असेल तर बॉम जीझस की से कॅथेड्रल?

सांगलीहून सकाळी निघून बेळगाव, चोर्ला करत पोचेपर्यंत दुपार होते, आणि सगळ्यांना बीचचीच घाई असते, त्यामुळे जुन्या गोव्याच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. दोन्ही चर्च समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता, म्हणून जो तो सांगतो की दोन्ही करा. पण सोबत गुडघे दुखणारी आई असेल तर एकातच निवांत बसणं होतं, दुसऱ्यात नुसतं डोकावून येणं.

बहुतेक जण बॉम जीझसमध्येच जातात आणि ते बरोबरही आहे, कारण ख्रिस्ती धर्मप्रसारक संत, सेंट फ्रान्सिस झेवियर तिथे आहेत. १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले, आज त्यांचे अवशेष इथे चांदीच्या पेटीत आहेत, पेटी गोव्यातल्याच कारागिरांनी घडवलेली. चर्च १६०५ चं, बाहेरून गिलावा नसलेला उघडा जांभा, पावसात भिजलेला असला की लालभडक दिसतो. मला बाहेरून तर हेच जास्त आवडतं.

पण ती पेटी बरीच उंचावर आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा डिसेंबर होता, झेवियरचं ३ तारखेचं फेस्त, म्हणजे सण, नुकतंच झालेलं, आणि पुढचा प्रत्येक माणूस दोन्ही हात वर करून मोबाईल धरून उभा. आई उंचीने कमी. तिला पेटी दिसली ती पुढच्या माणसाच्या मोबाईलवर, आणि तिने हात जोडले ते त्या स्क्रीनलाच. मला ते फार लागलं, अजून लागतं. एवढ्या लांबून येऊन बाईला धड दर्शन नाही. मागून लोक येतच होते, थांबता येईना, मग तीच म्हणाली, "चल बाबा, कुठंतरी टेकूया जरा."

म्हणून समोर से कॅथेड्रलमध्ये गेलो. आपल्या गणपती मंदिरात दर्शन झालं की सभामंडपात दोन मिनिटं टेकतो ना, तसं टेकायला इथे जागाच जागा, ७६ मीटर लांब आहे ते. गर्दी होती, पण एवढ्या लांबीत विरून गेलेली. पुढे सोनेरी मुख्य वेदी, त्यावर सेंट कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत आणि ते बाकावर बसून आरामात बघता येतात. चर्चला तिचं नाव का, तर पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१०, तिच्या सणाचा दिवस. बांधायला १५६२ ला घेतलं, आतलं काम पुढे कितीतरी वर्षं चाललं. दोनपैकी एक मनोरा १७७६ मध्ये पडला तो परत बांधलाच नाही, पोरं पहिलं तेच विचारतात. उरलेल्यात ती प्रसिद्ध गोल्डन बेल आहे.

आई तिथे अर्धा तास बसली, काही न बोलता.

आता ज्यांना झेवियरसाठीच जायचंय त्यांनी बॉम जीझसच करावं, त्याला पर्याय नाही. दर दहा वर्षांनी प्रदर्शनाला ते अवशेष से मध्येच आणतात, पण ते २०२४-२५ ला होऊन गेलं, म्हणजे आता बरीच वाट बघायला लागणार. पावसाळ्यात मधल्या वारी गेलात तर कदाचित तुम्हाला मोबाईलचा त्रास होणारही नाही. मी नंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा आधी से मध्ये आणि वेळ उरला तरच पलीकडे. पुढच्या महिन्यात मावशीला नेतोय, तिचेही गुडघे दुखतात.